अपात्रता, राजकीय

लोकांत वजन असलेल्या विरोधी नेत्याला मतपेटीत हरवण्यापेक्षा त्याची उमेदवारीच कायद्याने बाद करण्याची पद्धत. पक्षांतरबंदी कायद्याखाली आमदार-खासदार अपात्र ठरतात तो विषय निराळा. तुरुंग, नजरकैद, सभाबंदी ही दडपणाची जुनी साधने असली, तरी त्यांनी नेत्याभोवती हुतात्म्याचे वलय तयार होते. अपात्रतेचा आदेश मात्र बिनबोभाट निघतो, आणि ‘कायदा आपले काम करतो आहे’ असे म्हणायला सरकार मोकळे राहते.

प्राचीन अथेन्समध्ये नागरिक खापराच्या तुकड्यावर नाव खरडून एखाद्या वजनदार पुढाऱ्याला दहा वर्षांसाठी शहराबाहेर घालवत. आरोप ठेवावा लागत नसे, मालमत्ताही जप्त होत नसे. निदान तिथे निर्णय मतदारांचा होता. आधुनिक अपात्रतेत तो मतदारांपर्यंत पोहोचण्याआधीच लागलेला असतो.

या पद्धतीचा कणा म्हणजे कायद्यात लिहिलेला आकडा. सिंगापूरचे जे. बी. जेयरत्नम १९८१ च्या अँसन पोटनिवडणुकीत जिंकले आणि तिथल्या संसदेतले एकमेव विरोधी सदस्य झाले. पुढे पक्षाच्या हिशेबांवरून त्यांच्यावर खटला झाला. २,००० डॉलर किंवा त्याहून अधिक दंड झाला की खासदारकी जाते, असा नियम होता. पहिल्या निकालातला दंड या मर्यादेच्या आत होता. पण सरकार पक्ष अपिलात गेला आणि १९८६ मध्ये शिक्षा ठरली एक महिना कैद व ५,००० डॉलर दंड. जागा गेली, वकिलीची सनदही गेली. सनदेचे प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले, तेव्हा १९८८ मध्ये त्या न्यायपीठाने त्यांच्यावर घोर अन्याय झाल्याचे म्हटले. सनद परत मिळाली, खासदारकी मिळाली नाही.

भारतात हा आकडा दोन वर्षांचा आहे. लोकप्रतिनिधी कायद्यानुसार तेवढी शिक्षा झालेला सदस्य अपात्र ठरतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या लिली थॉमस निकालानंतर अपिलासाठी मिळणारी तीन महिन्यांची सवलतही उरली नाही. २३ मार्च २०२३ रोजी सुरतच्या न्यायालयाने फौजदारी बदनामीच्या खटल्यात राहुल गांधींना नेमकी दोन वर्षांची शिक्षा सुनावली, आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभा सचिवालयाची अधिसूचना निघाली. ऑगस्टमध्ये दोषसिद्धीला स्थगिती देताना सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले, की कमाल शिक्षाच का दिली याचे कारण निकालात नाही आणि ती एका दिवसाने कमी असती तर अपात्रता आली नसती. सत्ताधाऱ्यांच्या मते हा निव्वळ न्यायालयीन निकाल होता. विरोधकांच्या मते सूडाचे राजकारण.

सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण तुर्कस्तानचे. इस्तंबूलचे महापौर असताना रेजेप तय्यिप एर्दोआन यांना एका सभेत कविता म्हटल्याबद्दल शिक्षा झाली. १९९९ मध्ये ते चार महिने तुरुंगात होते आणि २००२ ची निवडणूक त्यांना लढवता आली नाही. कायदा बदलल्यावर २००३ मध्ये पोटनिवडणुकीतून ते संसदेत आले आणि पंतप्रधान झाले. त्याच शहरात २०१९ मध्ये विरोधी पक्षाचे एक्रेम इमामोग्लू सुमारे तेरा हजार मतांनी महापौर झाले. निवडणूक मंडळाने ती निवडणूक रद्द केली. फेरमतदानात त्यांची आघाडी आठ लाखांवर गेली. दडपण उलटते ते असे. १८ मार्च २०२५ रोजी इस्तंबूल विद्यापीठाने त्यांची पदवी रद्द केली. १९९० मध्ये उत्तर सायप्रसमधल्या महाविद्यालयातून तिथे घेतलेला प्रवेश नियमबाह्य होता, असे कारण दिले गेले. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला उच्च शिक्षण बंधनकारक आहे, हे लक्षात घेतले की पस्तीस वर्षांपूर्वीचा प्रवेशअर्ज एकाएकी का उघडला गेला याचा अंदाज येतो. दुसऱ्या दिवशी पहाटे भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून त्यांना ताब्यात घेण्यात आले. सरकारने राजकीय हेतू नाकारला.

कधी संपूर्ण राज्यघटनाच एका व्यक्तीला डोळ्यापुढे ठेवून लिहिल्यासारखी दिसते. म्यानमारच्या २००८ च्या घटनेने परदेशी नागरिकत्वाची मुले असलेल्याला राष्ट्राध्यक्षपद नाकारले. विरोधी नेत्या आंग सान सू ची यांचे दोन्ही मुलगे ब्रिटिश नागरिक. २०१५ मध्ये बहुमत मिळाल्यावर त्यांच्या पक्षाने ‘राज्य सल्लागार’ हे नवे पद निर्माण करून वाट काढली.

प्रत्येक अपात्रता सूडबुद्धीचीच असते असे मात्र नाही. भ्रष्ट पुढाऱ्याला सभागृहाबाहेर ठेवणे हा कायद्याचा रास्त हेतू आहे, आणि छळाचा कांगावा करणारे खरे गुन्हेगारही असतात. फरक ओळखायला आरोपाच्या गांभीर्यापेक्षा वेळापत्रक अधिक उपयोगी पडते : प्रकरण किती वर्षे धूळ खात होते, निवडणूक किती जवळ आहे, त्याच चुकीसाठी सत्तापक्षातल्या कोणाला नोटीस गेली का.

अपात्र नेत्याची मते दुसऱ्याकडे वळवता येतात, हा या अस्त्राचा कच्चा दुवा. बेलारूसमध्ये २०२० साली निवडणूक लढवू पाहणारे पती तुरुंगात गेल्यावर स्वेतलाना तिखानोव्स्काया स्वतः उभ्या राहिल्या. व्हेनेझुएलात मारिया कोरिना मचाडो यांनी २०२३ ची विरोधकांची अंतर्गत निवडणूक नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी जिंकली, पण पंधरा वर्षांची बंदी कायम राहिली. मग त्यांनी एदमुंदो गोन्सालेस या निवृत्त राजनैतिक अधिकाऱ्यासाठी गावोगाव सभा घेतल्या. जुलै २०२४ मध्ये निवडणूक परिषदेने तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निकोलास मादुरो यांना विजयी घोषित केले, केंद्रनिहाय आकडे मात्र दिले नाहीत. मतदान केंद्रांवरून गोळा केलेल्या मतमोजणीच्या पावत्या विरोधकांनीच प्रसिद्ध केल्या.