स्टिअरिंग थरथरतंय म्हणजे अलाइनमेंट गेली? नाही!
साताऱ्याहून कराडकडे निघालं, काटा 80-90 वर गेला की स्टिअरिंग थरथरतं. मग 'अलाइनमेंट करून घ्या' हा सल्ला ठरलेला. तो चुकीचा आहे. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने झिजतो. ठरावीक वेगालाच येणारी थरथर बहुधा पुढच्या चाकांच्या बॅलन्सिंगची, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं नसल्याची असते: रिमला लावलेलं बॅलन्सिंगचं छोटं वजन पडलेलं, नाहीतर पावसाळ्यात शेतरस्त्याचा चिखल रिमच्या आतून वाळून बसलेला. आधी तो धुऊन काढा, खरंच. कित्येकदा तेवढ्यावरच भागतं. थरथर सीटखाली जाणवली तर मागची चाकं बघा. खंबाटकी घाट उतरताना फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ब्रेक डिस्क तपासा. बॅलन्सिंगनंतरही राहिली तर रिम वाकलंय का, टायरला फुगवटा आलाय का पाहा. फुगवटा असेल तर त्या टायरवर हायवेला जाऊच नका.