गुठळी विरघळणे आणि इन्सुलिन रोध

साकळलेले रक्त शरीर स्वतःच विरघळवते. या क्रियेला फायब्रिनोलिसिस म्हणतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले, म्हणजे इन्सुलिन रोध आला, की ती मंदावते. बेळगाव-निपाणीकडे घरात मराठी असो वा कानडी, आजाराचे नाव ‘शुगर’च; पण रक्तातली साखर वाढण्याच्या कितीतरी आधी ही मंदगती सुरू झालेली असू शकते.

अथणीच्या उसाच्या फडात कोयता बोटाला लागतो आणि काही मिनिटांत रक्त थांबते. गुठळीला धरून ठेवते ती फायब्रिनच्या धाग्यांची जाळी. पुढे रक्तवाहिनीच्या अस्तरातून सुटणारे टी-पीए नावाचे प्रथिन रक्तातल्या निष्क्रिय प्लाझ्मिनोजेनचे सक्रिय प्लाझ्मिन करते आणि प्लाझ्मिन ही जाळी कातरते. रक्ताच्या डी-डायमर तपासणीत सापडतात ते या कातरणीचेच तुकडे. टी-पीएला आवरणारे प्रथिन म्हणजे पीएआय-१. आवर हवाच, नाहीतर बोट पुन्हा वाहू लागेल.

बिघडते ते या आवराचे प्रमाण. पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी, यकृत आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर पीएआय-१ तयार करतात. रक्तात इन्सुलिन आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) चढलेले असले की पीएआय-१ आणखी वाढते. म्हणून वजनकाट्यापेक्षा कमरेची टेप जास्त सांगते असे म्हणायला हरकत नाही: भारतीय पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि बायकांत 80 ही धोक्याची रेघ. नुसत्या कुंद्याला, म्हणजे बेळगावच्या मिठाईला, दोष देऊन भागत नाही. वजन उतरले किंवा मधुमेहावरचे मेटफॉर्मिन हे औषध सुरू झाले, की पीएआय-१ सहसा खाली येते.

आधी काय बिघडते, हा प्रश्न मात्र सरळ नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या एका आमिश (जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) समाजात काही जणांच्या पीएआय-१ च्या जनुकात दोष आहे, त्यामुळे त्यांच्यात ते कमी असते. त्यांचे उपाशीपोटीचे इन्सुलिन कमी आणि आयुष्य जास्त असल्याचे 2017 मध्ये दिसून आले. म्हणजे पीएआय-१ इन्सुलिन रोधाच्या मागून येणारे नुसते शेपूट नसावे.

‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणून घेतली जाणारी अॅस्पिरिन झालेली गुठळी विरघळवत नाही. ती प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाही, एवढेच. हृदयविकाराच्या झटक्यात देतात ते विरघळवणारे इंजेक्शन वेगळे. पीएआय-१ पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असते आणि झटकेही सकाळीच अधिक येतात. अशा इंजेक्शनांतले टेनेक्टेप्लेज हे टी-पीएचे सुधारित रूप घडवताना पीएआय-१ ची पकड त्यावर सहजी बसणार नाही, असाच बदल त्यात केलेला आहे.