जुनी गाणी परत येतात, पण आणतं कोण?

पन्नास वर्षांपूर्वीच्या बँडचं गाणं अचानक सगळीकडे वाजायला लागलं की लोक म्हणतात बघा, चांगली गाणी कधी मरत नाहीत. मला हे अर्धंच पटतं. गाणं चांगलं असावं लागतंच, पण दरवेळी कुणीतरी जपलेली टेप असते किंवा कुणीतरी नव्याने काढलेली रेकॉर्ड असते, नाहीतर कितीतरी उत्तम गळे कायमचे गेलेच आहेत.

सुरुवातीला मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या होत्या, एका बाजूला साधारण तीन मिनिटं, हातातून पडली की तुकडे. १९४८ मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आणली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मावायला लागली, त्यामुळे वेगवेगळ्या गायकांची गाजलेली गाणी एकत्र देणं सोपं झालं. लॉस एंजेलिसमधला रेडिओवाला आर्ट लबो याच्याकडे तरुण पोरं आधीच्या वर्षांतली गाणी सारखी मागायची, तर त्याने १९५९ मध्ये 'ओल्डीज बट गुडीज' नावाचा संग्रहच काढला, जो अमेरिकेच्या चार्टवर, म्हणजे लोकप्रिय रेकॉर्ड्सच्या यादीत, तीन वर्षांहून जास्त टिकला. त्यातलं फाइव्ह सॅटिन्स या ग्रुपचं गाणं १९५६ चं होतं, म्हणजे तीन वर्षांतच लोकांना त्याची आठवण यायला लागली होती!

पुढे १९८२ मध्ये सीडी आली आणि कंपन्यांनी आपली जुनी कपाटं उघडली, घरात एलपी असूनही लोकांनी तेच अल्बम परत विकत घेतले. बीटल्स या ब्रिटिश बँडचे अल्बम सीडीवर आले ते १९८७ मध्ये. अ‍ॅबाचं तर सगळ्यात भारी उदाहरण, स्वीडनच्या या बँडने १९७४ ला युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकली, १९८२ नंतर एकत्र काम बंद, पण १९९२ चा 'अ‍ॅबा गोल्ड' संग्रह तुफान खपला, १९९९ मध्ये त्यांच्या गाण्यांवर लंडनला नाटक उभं राहिलं आणि २०२२ पासून तिथेच त्यांचे तरुणपणीचे डिजिटल अवतार स्टेजवर गातात.

पण मला सगळ्यात जास्त हलवून सोडते ती बीटल्समधल्या जॉन लेननची कॅसेट. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्याने घरी पियानोवर 'नाऊ अँड देन' गाऊन साध्या टेपवर घेतलं होतं. १९८० मध्ये तो गेला. १९९४ मध्ये त्याची बायको योको ओनोने ती टेप बँडमधल्या पॉल मॅकार्टनीला दिली, १९९५ मध्ये बीटल्समधल्या उरलेल्या तिघांनी गाणं पूर्ण करायचा प्रयत्न केला पण टेपवर मागे सतत घरघर आणि पियानोखाली दबलेला आवाज, शेवटी सोडून दिलं. २००१ मध्ये त्या तिघांतला जॉर्ज हॅरिसनही गेला. मग सिनेदिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या टीमने बीटल्सवरच्या डॉक्युमेंटरीसाठी आवाज वेगळे करण्याचं जे तंत्र बनवलं होतं ते या कॅसेटवर वापरलं आणि जॉनचा गळा एकदम स्वच्छ बाहेर आला, त्यात जॉर्जने १९९५ मध्ये वाजवलेली गिटार घातली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये गाणं ब्रिटनमध्ये एक नंबरवर. दोघं जिवंत, दोघं नाहीत, आणि चौघं एका गाण्यात. ती कॅसेट कुणी कचऱ्यात टाकली असती तर?

आता हे काम सिरीजही करतात, ब्रिटिश गायिका केट बुशचं १९८५ चं गाणं 'स्ट्रेंजर थिंग्ज'मुळे २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं.

फक्त टेप टिकून भागत नाही, तिच्यावर नाव कुणाचं छापलंय हेही बघावं लागतं. १९६२ चं 'ही'ज अ रिबेल' रेकॉर्डवर क्रिस्टल्स या ग्रुपच्या नावाने आलं आणि एक नंबरला गेलं, पण ते गायलं होतं डार्लीन लव्ह आणि तिच्या ब्लॉसम्स ग्रुपने. निर्माता फिल स्पेक्टरने नाव दुसऱ्या ग्रुपचं लावलं आणि लोकांनी गाणं लक्षात ठेवलं ते त्याच नावाने, यात ऐकणाऱ्यांचा काय दोष. डार्लीनला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर कलाकारांच्या मानाच्या यादीत, जागा मिळाली २०११ मध्ये, तेव्हा ती सत्तरीच्या उंबरठ्यावर होती.