व्हाइट, गिल्बर्ट

(१८ जुलै १७२० – २६ जून १७९३). इंग्लंडमधील अँग्लिकन धर्मगुरू आणि निसर्ग-अभ्यासक. हॅम्पशरमधल्या सेलबर्न खेड्यात जन्म. आजोबा तिथल्याच चर्चचे धर्मगुरू होते. नातवाला नावही त्यांचेच मिळाले. १७४३ मध्ये ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजातून पदवी, पुढच्याच वर्षी तिथे फेलोशिप आणि १७४९ मध्ये धर्मगुरुपदाची पूर्ण दीक्षा असा त्यांचा सुरुवातीचा प्रवास आहे. सेलबर्नचे मुख्य धर्मगुरुपद त्यांना कधीच मिळाले नाही. त्या जागेवर माणूस नेमण्याचा हक्क ऑक्सफर्डच्याच मॉडलिन कॉलेजकडे होता आणि व्हाइट ओरिएलचे. त्यामुळे आधी शेजारच्या फॅरिंगडनला आणि शेवटची वर्षे सेलबर्नलाच ते सहायक धर्मगुरू म्हणून राहिले. लग्न त्यांनी केले नाही.

त्यांची कीर्ती एका पुस्तकावर उभी आहे : ‘द नॅचरल हिस्टरी अँड अँटिक्विटीज ऑफ सेलबर्न’. भाऊ बेंजामिन लंडनमध्ये प्रकाशक होता. त्याने ते १७८८ च्या अखेरीस छापले, मुखपृष्ठावर साल १७८९ आहे. निसर्गाविषयीचा भाग पत्रांच्या रूपात आहे. ४४ पत्रे प्राणिशास्त्रज्ञ टॉमस पेनंट यांना, ६६ कायदेपंडित आणि निसर्ग-अभ्यासक डेन्स बॅरिंग्टन यांना. काही पत्रे पुस्तकासाठीच लिहिलेली, कधी टपालात न पडलेली. गावच्या पुरातन अवशेषांवरचा उत्तरार्ध आज फारसे कोणी वाचत नाही.

व्हाइट यांच्या आधी पक्ष्यांचा अभ्यास बहुतांशी मारून आणलेल्या नमुन्यांवर होई. व्हाइट यांनीही बंदूक वापरली, पण त्यांचा खरा भर कानावर आणि वर्षानुवर्षांच्या पाळतीवर होता. दिसायला जवळजवळ सारखे असणारे तीन छोटे वटवटे त्यांनी मुख्यतः आवाजावरून वेगळे ओळखले. १७६८ च्या एका पत्रात त्या तीन जाती त्यांनी स्पष्ट मांडल्या. गव्हाच्या शेतातला सर्वांत लहान उंदीर विज्ञानाच्या नजरेस त्यांनीच आणून दिला. दोन उंदीर तराजूत घातले तेव्हा त्यांचे वजन तांब्याच्या अर्ध्या पेनीच्या एका नाण्याएवढे भरले. गव्हाच्या पात्यांनी विणलेले, क्रिकेटच्या चेंडूएवढे घरटे आणि त्यात आठ उघडीबोडकी पिल्ले, हे वर्णन वाचताना ते घरटे आपल्याच तळहातावर आहे असे वाटते. मधमाश्यांना ऐकू येते का हे पाहायला त्यांनी पोळ्याच्या पेट्यांजवळ कर्णा धरून ओरडूनही पाहिले. माश्या ढिम्म हलल्या नाहीत.

गांडुळांवरचे १७७७ चे पत्र विशेष महत्त्वाचे. त्या काळी माळी आणि शेतकरी गांडुळांचा तिरस्कार करत. व्हाइट यांनी लिहिले की निसर्गाच्या साखळीत हा दुवा क्षुद्र दिसतो, पण तो निखळला तर मोठे खिंडार पडेल. जमीन भुसभुशीत करून त्यात पाणी आणि मुळे उतरू देण्याचे काम तोच करतो. चार्ल्स डार्विन यांचे गांडुळांवरचे पुस्तक यायला १८८१ उजाडले. डार्विन यांनी लहानपणी व्हाइट वाचले होते आणि त्यामुळे पक्षी न्याहाळण्याची गोडी लागल्याचे आत्मचरित्रात नमूद केले आहे.

एका प्रश्नाने मात्र त्यांना आयुष्यभर छळले. हिवाळ्यात भिंगऱ्या जातात कुठे? जिब्राल्टरला चर्चच्या सेवेत असलेल्या जॉन या भावाने समुद्रधुनी ओलांडणारे थवे पाहिल्याचे त्यांना माहीत होते. तरीही काही पक्षी गावातच कुठेतरी, फटीत किंवा काठावरच्या बिळात निपचित पडून राहत असतील, ही शंका सुटली नाही आणि ते शोधत राहिले. महाराष्ट्रात हिवाळ्यात तारांवर रांगेने बसणारी माळभिंगरी त्याच जातीची. ती उत्तरेकडून इकडे येते, तर इंग्लंडमधली आफ्रिकेत जाते. व्हाइट यांची शंका चुकीची ठरली, पण भिंगऱ्या आणि पाकोळी यांच्यावरचे त्यांचे निबंध रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केले, इतके ते बारकाईचे होते. गावात दरवर्षी पाकोळ्यांच्या आठच जोड्या असतात, मग दरसालची वाढीव पिल्ले कुठे जातात, हा त्यांचा प्रश्न पक्षिसंख्येच्या अभ्यासाचा मूळ प्रश्न आहे.

१७८३ च्या उन्हाळ्यातल्या विचित्र धुक्याची नोंदही त्यांची. २३ जून ते २० जुलै भरदुपारी सूर्य ढगाआडच्या चंद्रासारखा निस्तेज दिसे आणि कापलेले मांस दुसऱ्या दिवशी खाववत नसे. कारण त्यांना ठाऊक नव्हते. ते आइसलँडच्या लाकी ज्वालामुखीचे होते.

मावळत्या वर्षांत रिंगमरच्या आत्याकडून आलेले टिमथी नावाचे कासव त्यांच्या बागेत होते. नाव पुरुषी असले तरी ती मादी होती, हे नंतर कळले. रोजची नोंदवही त्यांनी मृत्यूच्या थोडे दिवस आधीपर्यंत लिहिली. त्यांचे ‘द वेक्स’ हे घर आज संग्रहालय आहे. थडग्याच्या साध्या दगडावर जी. डब्ल्यू. ही आद्याक्षरे आणि मृत्यूची तारीख कोरलेली आहे.