संसार दोघांचा, मालमत्ता कोणाच्या नावावर?

एका जोडप्याचा साधा हिशेब मांडू. दोघांची मिळून महिन्याची कमाई १०० धरू. त्यात त्याचे ६०, तिचे ४०. घरखर्च ७०. दोघंही समंजस आणि समानता मानणारी, म्हणून खर्च निम्मा-निम्मा, प्रत्येकी ३५. महिनाअखेरीस त्याच्या खात्यात २५ उरतात, तिच्या खात्यात ५. कमाईत तो तिच्या दीडपट होता, बचतीत पाचपट झाला. यात कोणी कोणाला फसवलेलं नाही. उलट, दोघांना वाटतंय की आपण अगदी बरोबरीनं वागतोय.

आता या घरात मूल आलं. हेन्रिक क्लेव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या नोंदींवरून २०१९ मध्ये दाखवून दिलं, की पहिल्या मुलानंतर स्त्रियांची कमाई पुरुषांच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी मागे पडते आणि पुढे अनेक वर्षं मागेच राहते. वडिलांच्या कमाईवर मात्र जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. आपल्या हिशेबात तिचे ४० आता ३२ झाले. खर्चाचा वाटा तोच ठेवला तर तिला दर महिन्याला ३ ची तूट येईल आणि त्याचे २५ शिल्लक राहतच जातील. हे वीस वर्षं चालू द्या. एका छताखाली, एका पंगतीला जेवणाऱ्या दोन माणसांपैकी एक श्रीमंत होईल आणि दुसरं रिकाम्या हातानं उरेल.

खर्च कमाईच्या प्रमाणात वाटून घेतला असता, त्यानं ४२ आणि तिनं २८, तर मुलाआधीची बचत १८ आणि १२ झाली असती. म्हणजे कमाईतली तफावत निदान तेवढीच राहिली असती. पण वाटणीइतकाच महत्त्वाचा आणखी एक प्रश्न असतो: कोणाचा पैसा कशावर खर्च होतो? गृहकर्जाचा हप्ता एकानं भरायचा आणि किराणा, औषधं, मुलांचे कपडे, शाळेची फी दुसऱ्यानं, अशी सोय अनेक घरांत आपसूक लागते. हप्ता भरणाऱ्याच्या हाती शेवटी घर राहतं. किराणा भरणाऱ्याच्या हाती काही राहत नाही, कारण किराणा खाऊन संपलेला असतो.

वीस वर्षांनी या दोघांत कोणाचं किती, याचं उत्तर प्रेमावर किंवा समंजसपणावर अवलंबून नसतं. ते अवलंबून असतं त्यांच्या देशातला कायदा विवाहितांच्या मालमत्तेला काय मानतो यावर, आणि मुळात त्यांनी लग्न केलंय का यावर.

जगभरच्या कायद्यांत याबद्दल ढोबळमानानं तीन विचार दिसतात. पहिला सामाईक मालमत्तेचा: लग्नानंतर जे कमावलं ते दोघांचं, मग ते कोणाच्याही पगारातून आलेलं असो. लग्नाआधीची मिळकत आणि वारसाहक्कानं आलेलं मात्र ज्याचं त्याचं. फ्रान्समध्ये १९६५ च्या कायद्यानं हीच मूळ पद्धत, म्हणजे वेगळा करार केला नाही तर आपोआप लागू होणारी पद्धत, ठरवली. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि टेक्ससह नऊ राज्यांत सामाईक मालमत्तेची पद्धत आहे. नेदरलँड्समध्ये तर २०१७ अखेरपर्यंत लग्नाआधीचं धनसुद्धा सामाईक होत असे. १ जानेवारी २०१८ पासून होणाऱ्या लग्नांसाठी ते वगळलं गेलं. दुसरा विचार विभक्त मालमत्तेचा: ज्याच्या नावावर त्याचं, लग्नानं काही बदलत नाही. स्पेनच्या बहुतेक भागांत सामाईक पद्धत आहे, पण त्याच देशातल्या कातालोनियात विभक्त.

तिसरा विचार मला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला वाटतो. जर्मनीत १ जुलै १९५८ पासून तो लागू आहे. लग्न टिकून आहे तोवर मालमत्ता ज्याची त्याची. लग्न संपताना मात्र प्रत्येकाच्या मालमत्तेत लग्नकाळात किती वाढ झाली ते मोजतात, आणि घटस्फोट असेल तर जास्त वाढ झालेल्यानं फरकाची निम्मी रक्कम दुसऱ्याला द्यायची. आपल्या हिशेबात मुलाआधीच्या काळातली वाढ २५ आणि ५. फरक २०, म्हणून १० तिच्याकडे जातील आणि दोघांकडे पंधरा-पंधरा राहतील. मूल सांभाळताना तिनं केलेलं बिनपगारी काम अशा रीतीनं हिशेबात येतं.

यात एक खोच आहे. हा हक्क लग्न संपल्यावर हाती येतो. चालू संसारात तिच्या नावावर काहीच नसू शकतं. जर्मनीतल्या एका मोठ्या पाहणीत घराघरांची नव्हे, तर प्रत्येक व्यक्तीची मालमत्ता स्वतंत्रपणे विचारली जाते. त्या आकड्यांवरून ईवा सिएर्मिन्स्का आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की २००२ मध्ये तिथल्या स्त्री-पुरुषांच्या मालमत्तेत सरासरी सुमारे ३०,००० युरोंची दरी होती. भविष्यातला हक्क बँकेत तारण ठेवता येत नाही आणि त्यावर धंदा उभा करता येत नाही. घरात मोठा निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हाही ज्याच्या हाती आज मालमत्ता आहे, त्याच्याच शब्दाला वजन असतं.

सामाईक या शब्दानंही पुष्कळ काळ फसवलं आहे. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात पती-पत्नी ही एकच व्यक्ती मानली जाई. विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडितानं १७६५ मध्ये हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडलं. व्यवहारात ती एक व्यक्ती म्हणजे नवरा. विवाहित स्त्रीला स्वतःची कमाई स्वतःकडे ठेवता यावी, यासाठी तिथे १८७० चा आणि मालमत्तेच्या पूर्ण हक्कासाठी १८८२ चा कायदा व्हावा लागला. म्हणजे त्या काळी विभक्त मालमत्ता हाच स्त्रियांचा विजय होता, आणि तो खराखुरा विजय होता. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेनं सामाईक मालमत्ता दिली, पण कारभार एकट्या नवऱ्याचा. नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी करण्याचा आणि बँकेत खातं उघडण्याचा अधिकार फ्रेंच बायकांना १९६५ मध्ये मिळाला, आणि सामाईक मालमत्तेच्या कारभारात पूर्ण बरोबरी १९८५ च्या कायद्यानं आली. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नवरा हाच कुटुंबाचा ‘प्रमुख आणि धनी’ असल्यामुळे बायकोला न विचारता दोघांचं घर गहाण ठेवू शकत होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ही तरतूद १९८१ मध्ये घटनाबाह्य ठरवली. मालकी दोघांची आणि सही एकाची, अशी सामाईक मालमत्ता नावापुरतीच असते.

मग आज, सही दोघांची झाल्यावर, या पद्धतींनी खरोखर किती फरक पडतो? मला माहीत असलेलं सर्वांत बोलकं उत्तर तीन प्रदेशांच्या तुलनेतून मिळतं. कारमेन डायना डीर, अबेना ओदुरो, हेमा स्वामिनाथन आणि चेरिल डॉस यांनी २०१० मध्ये इक्वेडोर, घाना आणि भारतातलं कर्नाटक इथे झालेल्या पाहण्यांचा अभ्यास केला. जोडप्याच्या एकूण संपत्तीत विवाहित स्त्रीचा वाटा इक्वेडोरमध्ये ४४ टक्के निघाला, घानात १९ टक्के आणि कर्नाटकात ९ टक्के.

इक्वेडोरमध्ये लग्नानंतरची मिळकत सामाईक असते आणि आईवडिलांचा वारसा मुलगे-मुलींत सारखा वाटला जातो. घाना आणि कर्नाटकात विवाहितांची मालमत्ता विभक्त, आणि वारसा व्यवहारात बहुतांशी पुरुषांकडे झुकलेला. इथे ‘व्यवहारात’ या शब्दावर जोर द्यायला हवा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा देणारी दुरुस्ती कर्नाटकनं १९९४ मध्येच केली होती. देशभर ती २००५ मध्ये आली. कायदा होऊन पंधरा-सोळा वर्षं लोटल्यावरही बायकांचा वाटा नऊ टक्के. वारसाहक्क कागदावर मिळाला तरी बहिणीला तो मागावा लागतो, आणि मागणं म्हणजे माहेर तोडणं असा अर्थ लावला जातो. सामाईक मालमत्तेत निदान नवऱ्याच्या आणि स्वतःच्या कमाईपुरतं तिला काही मागावं लागत नाही. खरेदीच्या क्षणीच निम्मं तिचं झालेलं असतं. भारतात नवऱ्याच्या नावावरचं घर लग्नानं आपोआप बायकोचं होत नाही, मग तिनं त्या घरात चाळीस वर्षं राबून काढलेली असोत. अपवाद गोव्याचा: तिथे पोर्तुगीज काळातली नागरी संहिता चालत आल्यानं पती-पत्नीची मालमत्ता मुळातच सामाईक धरली जाते.

हे तीन प्रदेश केवळ विवाहकायद्यातच वेगळे आहेत असं नाही, म्हणून सगळं श्रेय त्या एका कायद्याला देता येणार नाही. पण एकाच देशात पद्धत हळूहळू बदलत गेली तर काय होतं, हे फ्रान्समध्ये पाहायला मिळतं, आणि मला ते अधिक अस्वस्थ करतं.

फ्रेंच जोडप्यांना लग्नाआधी नोटरीकडे करार करून विभक्त मालमत्ता निवडता येते. अशा विवाहित जोडप्यांचं प्रमाण १९९२ मध्ये ६ टक्के होतं, २०१० मध्ये १० टक्के झालं. १९९९ मध्ये तिथे ‘पॅक्स’ नावाचा नोंदणीकृत सहजीवनाचा करार आला, आणि २००७ पासून त्यात मूळ पद्धतच विभक्त मालमत्तेची झाली. शिवाय कसलीही नोंदणी न करता एकत्र राहणारी जोडपी वाढत गेली. या सगळ्याचा अर्थ, आपलं आणि माझं यांतलं ‘माझं’ वाढत गेलं. निकोलास फ्रेमो आणि मारियों लतुर्क या संशोधकांनी मोजलं, तेव्हा स्त्री-पुरुषांच्या सरासरी संपत्तीतली तफावत १९९८ मध्ये ९ टक्के होती ती २०१५ मध्ये १६ टक्के झालेली आढळली. याच काळात स्त्रिया अधिक शिकल्या आणि अधिक कमावू लागल्या होत्या. तरी दरी रुंदावली, आणि त्यामागे जोडप्यांमधली संपत्ती अधिकाधिक व्यक्तिगत होत जाणं हे एक महत्त्वाचं कारण असल्याचं त्यांनी दाखवलं.

विभक्त मालमत्ता निवडणाऱ्यांची कारणं खोटी नसतात. धंदा करणाऱ्याला वाटतं, उद्या कर्ज बुडालं तर सावकारांचा हात जोडीदाराच्या मालमत्तेपर्यंत पोचू नये. दुसरं लग्न करणाऱ्याला पहिल्या लग्नातल्या मुलांचा वाटा जपायचा असतो. इटलीत १९७५ च्या सुधारणेनं सामाईक पद्धत मूळ ठरवली, तरी आज तिथली बहुसंख्य जोडपी लग्नाच्या वेळीच विभक्त पद्धत निवडतात. दोघांची कमाई आणि घरकामाचा भार खरोखर सारखा असेल, तर विभक्त पद्धतीनं कोणाचं नुकसान होत नाही. प्रश्न असा, की कमाई आणि भार अजून सारखे झालेले नाहीत, आणि ते सारखे आहेत असं धरणारे करार मात्र आधीच होऊ लागले आहेत.

नोंदणीशिवाय एकत्र राहणाऱ्यांचं तर फारच उघड्यावर असतं. वेगळं होताना ज्याच्या नावावर त्याचं. मृत्यू झाला तर फ्रान्समध्ये अशा जोडीदाराला वारसाहक्क नाही. मृत्युपत्र करून काही ठेवलं, तरी त्यावर परक्या माणसाप्रमाणे ६० टक्के कर. लग्नाच्या जोडीदाराला हा कर शून्य. सगळीकडे असं नाही. ब्राझीलमध्ये स्थिर सहजीवनालाही लग्नाच्या मूळ पद्धतीसारखीच सामाईक मालमत्ता लागू होते. स्वीडनमध्ये एकत्र राहण्यासाठी म्हणून घेतलेलं घर आणि त्यातलं सामान यांत दोघांचा वाटा धरला जातो, बँकेतल्या ठेवींत नाही.

सामाईक पद्धत सर्व दुखण्यांवरचा उतारा आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. आलेसांद्रा व्होएना यांनी अमेरिकेतल्या राज्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. जोडीदाराच्या संमतीशिवाय घटस्फोट घेण्याची मुभा तिथे वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या वर्षी आली, त्यामुळे आधी-नंतरची तुलना करता आली. जिथे मालमत्तेची समान वाटणी होती, तिथे या मुभेनंतर घरांची बचत वाढली आणि विवाहित स्त्रियांचं नोकरी करण्याचं प्रमाण घटलं. निम्म्याची हमी असलेल्या स्त्रीला घराबाहेरच्या नोकरीची निकड कमी वाटली असावी. यात नफा आहे की तोटा? मालमत्ता मिळाली, पण नोकरीतली वर्षं गेली, आणि ती घटस्फोटानंतर परत विकत घेता येत नाहीत. पगार आणि मालमत्ता या दोन वेगळ्या ताकदी आहेत. एकीची भरपाई दुसरीनं पूर्णपणे होत नाही.

हे सगळं इतकी वर्षं दिसलं का नाही, याचं उत्तर मोजमापात आहे. संपत्तीच्या बहुतेक मोठ्या पाहण्या आजही घर हेच एकक धरतात: या घराकडे इतकी जमीन, इतक्या ठेवी, इतकं कर्ज. घरातल्या दोघांत ती वाटायची झाली तर निम्मी-निम्मी समजून पुढे जातात, आणि जी विषमता शोधायची तीच त्या गृहीतकात पुसली जाते. म्हणून काही संशोधकांनी नवरा आणि बायको यांना वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली: हे घर, ही जमीन, ही गुरं कोणाची? केट अँबलर, चेरिल डॉस आणि सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या जोडप्यांची अशी उत्तरं शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा ती मोठ्या प्रमाणात जुळली नाहीत, आणि न जुळण्यालाही एक ठरावीक कल होता. त्याच वस्तूबद्दल बायका ‘आमचं’ म्हणण्याची शक्यता जास्त होती, आणि नवरे ‘माझं’ म्हणण्याची.