अळणी वेगळं, मिळमिळीत वेगळं

जेवणात काहीतरी कमी वाटलं की हात आधी मिठाकडे जातो. तेवढ्याने भागलं नाही तर तिखटाकडे, मग तेला-लोण्याकडे, आणि शेवटी तयार मसाल्याच्या पाकिटाकडे. महिन्याचा किराणा मोजूनमापून आणणाऱ्या घरात तर हे चित्र हमखास दिसतं, आणि त्यातून निष्कर्ष काढला जातो की स्वस्तातलं जेवण बेचवच असायचं, चव हवी तर पैसे मोजा. हा निष्कर्ष मला मान्य नाही. यात दोन वेगळ्या उणिवा एकाच नावाने ओळखल्या जातात आणि दोन्हींवर एकच उपाय केला जातो. आपल्या भाषेत त्यांना दोन स्वच्छ शब्द आहेत: अळणी आणि मिळमिळीत. ते एकमेकांच्या जागी वापरले की स्वयंपाकही चुकतो आणि खर्चही वाढतो.

अळणी म्हणजे मीठ कमी. हे सगळ्यांना कळतं, त्यामुळे त्यावर फार थांबत नाही. वास चांगला येतो, पण घास जिभेवर टेकला की पाणचट लागतो. मीठ फक्त खारटपणा देत नाही, ते कडवटपणा दाबतं. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कडू आणि गोड चवीच्या मिश्रणात सोडियमचा क्षार (साधं मीठही सोडियमचाच क्षार) मिसळल्यावर कडूपणा दबला आणि गोडी वर आली. म्हणूनच कोबी, वांगं, पालेभाजी यांची स्वतःची गोडी मीठ पडल्यावरच कळते.

मिठाबद्दल दोनच गोष्टी सांगायच्या आहेत, कारण त्या वारंवार चुकीच्या सांगितल्या जातात. पहिली, मिठाने कडधान्य शिजत नाही ही समजूत. भिजवण्याच्या पाण्यात थोडं मीठ घातलं तर दाण्याची साल उलट मऊ होते, कारण सालीतल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा काही प्रमाणात सोडियम घेतं. दुसरी, सगळं मीठ शेवटी घालण्याची सवय. बटाटा, कडधान्य, जाड चिरलेली भाजी यांच्या आत मीठ शिरायला वेळ लागतो. शेवटी घातलेलं मीठ रश्शात राहतं आणि फोड आतून अळणी, बाहेरून खारट होते. मग जेवणारा म्हणतो, "मीठ जास्त झालंय," आणि शेजारचा म्हणतो, "कमी आहे," आणि दोघंही बरोबर असतात. निम्मं मीठ शिजताना घाला, उरलेलं शेवटी चाखून.

आता मिळमिळीत. खरी गफलत इथे होते.

मिळमिळीत पदार्थात मीठ असतं. चाखलं तर मीठ आहे हे कळतंही. तरी घास जड, सपाट, थिजल्यासारखा लागतो. पहिला घास बरा वाटतो, तिसऱ्या-चौथ्या घासाला कंटाळा येतो. भूक आहे म्हणून जेवण संपतं, आवडलं म्हणून नाही. अशा पदार्थात कमी असतो तो आंबटपणा. आंबट पदार्थ नव्हे, आंबटपणा. जिभेला "आंबट आहे" असं कळणारही नाही इतका थोडा.

स्वस्त जेवणात ही उणीव जास्त का दिसते, याला सरळ कारण आहे. कमी पैशात पोट भरणारे जिन्नस डोळ्यांसमोर आणा: तांदूळ, डाळी, कडधान्यं, पीठ, बटाटा, कोबी, भोपळा. यातल्या एकातही जाणवण्याइतकं आम्ल नाही. आम्लता मोजायच्या पीएच मापात 7 म्हणजे उदासीन, आणि आकडा जितका खाली तितकं आंबट. शिजलेला भात आणि शिजलेल्या डाळी 6 ते 7 च्या आसपास असतात, बटाटा साधारण 6 च्या जवळ. टोमॅटो 4 ते 5 मध्ये येतो, दही त्याच्या जरा खाली, आणि लिंबाचा रस नि व्हिनेगर थेट 2 ते 3 मध्ये. या मापात एक आकडा खाली म्हणजे दहापट आम्ल. त्यामुळे अर्ध्या लिंबाच्या रसाने पातेलंभर डाळीची चव बदलते यात नवल काही नाही. महाग जेवणात टोमॅटोचा दाट रस, चीज, वाइन, आंबवलेले सॉस असतात, आणि त्यांच्याबरोबर आंबटपणा आपोआप येतो. डाळ-बटाट्याच्या जेवणात तो आपल्याला हाताने घालावा लागतो, एवढाच फरक. त्यासाठी पैसा लागत नाही.

पदार्थ अळणी आहे की मिळमिळीत, हे ओळखायचं कसं? तोंडात टाकून अंदाज बांधू नका, पडताळा घ्या. दोन वाट्यांत दोन-दोन चमचे पदार्थ काढा. एका वाटीत चिमटीभर मीठ घाला, दुसरीत लिंबाचे दोन-तीन थेंब. पातेल्यातला न बदललेला घास आधी चाखा, मग या दोन वाट्या. ज्या वाटीतल्या घासाने डाळ जास्त डाळीसारखी आणि भोपळा जास्त भोपळ्यासारखा लागला, तेच कमी होतं. मिठाच्या वाटीत चव वर न येता नुसता खारटपणा वाढला, तर पातेल्यात मीठ पुरेसं आहे आणि आणखी घालणं म्हणजे पदार्थ बिघडवणं. ही एकच खूण पक्की लक्षात ठेवली तरी पुरे. मीठ जास्त झालेलं काढता येत नाही. बटाटा टाकला की तो "मीठ शोषून घेतो" असं म्हणतात, पण बटाटा खारट पाणी शोषतो, त्यातलं मीठ वेगळं काढत नाही. उरलेला रस्सा तितकाच खारट राहतो.

चाखताना पदार्थ उकळता नसावा, जेवताना जेवढा गरम असेल तेवढाच हवा. आणि जिभेच्या टोकावर गोड, कडांना आंबट, मागे कडू असा जो नकाशा दाखवतात तो विसरा. सगळ्या चवी जिभेच्या सर्वच चव घेणाऱ्या भागांवर कळतात. घास नीट फिरवून चाखा म्हणजे झालं.

प्रमाण सांगायचं तर चार जणांच्या पातेल्याला एक छोटा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर यापासून सुरुवात करा. ढवळा, अर्धं मिनिट थांबा, चाखा. लागलं तर आणखी अर्धा. आंबट लागायला लागलं म्हणजे पुढे गेलात. तसं झालं तर चिमूटभर साखर किंवा गूळ धार मोडतो, मीठ नको.

वेळ मात्र पाळायलाच हवी, आणि इथे मी अजिबात सवलत देत नाही. आंबट नेहमी शेवटी, पदार्थ शिजल्यावर. आम्लात भाज्यांच्या आणि दाण्यांच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन घट्ट राहतं. डाळ कच्ची असताना चिंच किंवा टोमॅटो घातला तर ती तास दीड तास रटरटूनही कणी सोडत नाही, आणि वाया जातं ते इंधन. बटाट्याचंही तेच. (याचा उपयोगही करता येतो: रश्शात फोडी विरघळायला नको असतील तर बटाटा अर्धा शिजल्यावर आंबट घाला.) हिरव्या भाज्या आंबटात शिजवल्या की हिरवा रंग जाऊन शेवाळी तपकिरी होतात. लिंबाचा वासही उकळीत उडून जातो. त्यातलं क जीवनसत्त्व उष्णतेने घटतं, आणि डाळी-कडधान्यांतलं लोह शरीरात शोषलं जायला तेच मदत करतं. मांस-मासे क्वचितच परवडणाऱ्या घरात ही बाब लहान नाही. म्हणून लिंबू विस्तवावरून उतरवल्यावर पिळायचं.

टोमॅटो याला अपवाद, कारण त्याचा कच्चा वास जायला तो शिजावा लागतो. तो वेगळ्या भांड्यात परतून मऊ झालेल्या डाळीत मिसळा. दुधाच्या रश्शात आंबट घालू नका, फाटेल. दही घालायचं असेल तर चमचाभर पीठ घोटून घाला आणि खळखळ उकळू नका. आंबट घातलेला पदार्थ ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडाच्या भांड्यात रात्रभर ठेवू नका.

आंबटासाठी वेगळा खर्च करायलाही लागत नाही. साधं पांढरं व्हिनेगर सगळ्यात टिकाऊ, बाटली वर्षानुवर्षं राहते. लिंबं स्वस्त असतील तेव्हा रस काढून बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवावा. दही बांधल्यावर खाली गळणारं पाणी ओतून देताना पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं: ते हलकं आंबट असतं, सूप सैल करायला किंवा पीठ भिजवायला उत्तम. व्हिनेगरात मुरवलेल्या भाज्यांची बरणी संपली की उरलेलं पाणीही आंबट आणि खारट असतं, तेव्हा ते घातल्यावर मीठ कमी करा.

मग तयार मसाल्याचं पाकीट काम का करतं? पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचा. घटक बहुधा वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, आणि चटपटीत चवीच्या पुष्कळ पाकिटांत मीठ वरच्या ओळींत सापडेल, सोबत सायट्रिक आम्लासारखं काही आंबट. म्हणजे ज्या दोन गोष्टी घरात आहेत त्याच आपण पुन्हा विकत घेतो, वर मिठाचं प्रमाणही आपल्या हातात राहत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, आणि सपाट भरलेला एक छोटा चमचाच जवळपास तेवढा होतो. आंबट नेमकं पडलं की मीठ थोडं कमी घालूनही जेवण भागतं, हा त्याचा आणखी एक फायदा.

बाकीच्या उणिवा थोडक्यात. तिखट ही चव नाहीच, मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवतं, म्हणून जीभ भाजल्यासारखी वाटते. मिळमिळीत डाळ तिखट केली तर ती तिखट मिळमिळीत होते. तेलाने मसाल्यांचा सुवास पसरतो, कारण त्यातले बरेच सुगंधी घटक तेलात विरघळतात. पण त्यासाठी मसाला चमचाभर तेलात परतला तरी पुरतो, वरून तवंग यायची गरज नाही. मीठ आणि आंबट दोन्ही नीट असूनही पदार्थ उकडल्यासारखा लागला, तर खरपूसपणा कमी आहे: पाणी 100 अंशांवर उकळतं आणि खमंग तपकिरी रंग साधारण 140 अंशांच्या पुढे वेगाने येतो, म्हणून कांदा आधी कोरडा परतावा, पाणी नंतर. आणि रश्शाला भरीवपणा नसेल तर कमी आहे ती खारट, आंबट, गोड, कडू यांपलीकडची पाचवी चव, उमामी. ती 1908 साली जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्शातून वेगळी ओळखली. वाळवलेली मशरूम किंवा आटवलेला टोमॅटो चमचाभर घातला तरी ती येते.

शिळ्या डाळीवर दोन्ही उणिवा एकदम दिसतात, आणि तिथे क्रम चुकवू नये. रात्रीत डाळ घट्ट होते, सकाळी आपण गरम पाणी घालून ती सैल करतो, त्यामुळे मीठही पातळ होतं आणि आंबटपणाही. आधी मीठ घालून चाखा, ते बरोबर झालं की मगच लिंबू. अळणी डाळीत आधी लिंबू पिळलं तर ते कच्चं, बोचरं लागतं, आणि ते झाकायला पुन्हा साखर, पुन्हा तिखट, पुन्हा तेल सुरू होतं.