नेटचा ड्रायव्हर बसत नसेल तर आधी हे करून बघा
जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून घेतलेल्या आमच्या लातूर परिसरातल्या ग्राहकांसाठी

विंडोज १० ला नेहमीचे अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं. तेव्हापासून मोंढ्यातल्या आडत दुकानांमधले, शिकवणी वर्गांमधले आणि खेड्यांतल्या शाळांमधले पुष्कळ कॉम्प्युटर दुरुस्तीला येताहेत. मशीन धडधाकट असतं, पण विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ची (सुरक्षेच्या चिपची) सोय किंवा पुरेसा नवा प्रोसेसर त्यात नसतो. अशा मशीनवर आम्ही विंडोजऐवजी उबुंटू किंवा मिंट ही लिनक्स प्रणाली टाकून देतो. टायपिंग, ईमेल, ऑनलाइन फॉर्म, व्हिडिओ हे सगळं नीट चालतं. अडतं ते बहुधा एकाच जागी, नेटवर. वायफायचं चिन्हच दिसत नाही, यूएसबीत बसणारं वायफायचं डोंगल लावलं तरी दिवा लागत नाही, नाहीतर काल चालणारं नेट आज अपडेटनंतर बंद पडतं.

अशा वेळी बरेच जण एकतर पुन्हा फॉरमॅट मारतात, नाहीतर बाजारात जाऊन नवं डोंगल आणतात. दोन्हींची गरज क्वचितच असते. कार्ड कोणत्या चिपचं आहे आणि कॉम्प्युटर नेमका कोणता संदेश देतोय, या दोन गोष्टी कळल्या की बाकीचं काम सोपं होतं. म्हणून हे पत्रक कॉम्प्युटरजवळ ठेवा.

थोडं समजून घ्या. लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. नेटवर्क कार्डाशी बोलणारा तुकडा त्या कर्नलला जोडला जातो, त्याचं नाव मॉड्यूल. विंडोजमध्ये ज्याला ड्रायव्हर म्हणतात तेच हे. इंटेलची बहुतेक कार्डं आणि एथेरॉसची जुनी कार्डं लावताच चालतात, कारण त्यांचे मॉड्यूल कर्नलसोबतच येतात. त्रास देतात ती ब्रॉडकॉमची काही वायफाय कार्डं आणि रिअलटेकची काही यूएसबी डोंगल. शिवाय पुष्कळ कार्डांना मॉड्यूलबरोबर फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची, फाइलही लागते. मॉड्यूल बसला पण फर्मवेअर नाही, तर कार्ड ओळखलं जातं आणि तरीही चालत नाही.

खाली काही आज्ञा दिल्या आहेत. फोनवर सांगतो तशाच अक्षर-अक्षर छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत लिहायच्या. अक्षरांमधल्या रेघा फक्त वाचायच्या सोयीसाठी आहेत, त्या टाइप करू नका.

आधी फोनवरून नेट द्या

ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं आणि नेट तर बंदच, इथेच माणूस अडकतो. यावरचा उपाय तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोन डेटा केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि फोनच्या सेटिंगमधल्या हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टेदरिंग चालू करा. उबुंटूला तो फोन म्हणजे तारेचं नेटवर्क कार्डच वाटतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. टेदरिंगचं बटण दाबताच येत नसेल तर केबल नुसती चार्जिंगची आहे, दुसरी लावा. आणि हे लक्षात असू द्या: फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर कॉम्प्युटरला राउटरचंच नेट मिळतं, सिमचा डेटा खर्च होत नाही. गावात राउटर नसेल तर मात्र मोठं अपडेट सुरू करू नका, फक्त ड्रायव्हरपुरतं उतरवा.

मग चिपचा नंबर काढा

डोंगलच्या खोक्यावरचं नाव बघून ड्रायव्हर शोधू नका. कंपन्या मॉडेलचं नाव तेच ठेवून आतली चिप बदलतात. टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन घ्या: पहिल्या आवृत्तीत एथेरॉसची चिप आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत रिअलटेकची. खोकं सारखंच दिसतं, ड्रायव्हर मात्र पूर्ण वेगळा.

डोंगल असेल तर टर्मिनलमध्ये एल-एस-यू-एस-बी लिहून एंटर दाबा. कार्ड कॉम्प्युटरच्या आतच असेल तर एल-एस-पी-सी-आय लिहा, एक जागा सोडा, वजाचं चिन्ह काढा आणि त्याला लागून एन-एन लिहा. यादी येईल. त्यात आपल्या कार्डाच्या ओळीवर मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं असलेला नंबर असतो. टिंबांच्या अलीकडचा भाग कंपनीचा, पलीकडचा चिपचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे आतलं रिअलटेक कार्ड, ०बीडीए म्हणजे रिअलटेकचं यूएसबी, १६८सी म्हणजे एथेरॉस.

०बीडीए:८१७९ दिसलं तर ती रिअलटेकची ८१८८ईयूएस चिप, स्वस्त छोट्या डोंगलांत सर्रास सापडणारी. तिचा मॉड्यूल आता नव्या कर्नलमध्ये असतो. ०बीडीए:१ए२बी दिसलं तर वेगळीच गोष्ट आहे: डोंगल स्वतःला सीडी म्हणून दाखवतंय, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्याच्याच पोटात ठेवलेला असतो. फाइल मॅनेजरमध्ये ती सीडी दिसेल. तिथे इजेक्ट करा, की डोंगल वायफायच्या रूपात येतं आणि नंबरही बदलतो. हा नंबर बघून कोणी ड्रायव्हर शोधायला बसलं तर दिवस वाया जातो. १४ई४:४३६५ ही ब्रॉडकॉमची ४३१४२ चिप, जुन्या लॅपटॉपांत पुष्कळ सापडते. तिला ब्रॉडकॉमचा वेगळा ड्रायव्हर लागतो. उबुंटूत 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' आणि मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडला की तो समोर येतो. तिथूनच घ्या.

यादीत कार्ड दिसतच नसेल तर ड्रायव्हरने काही होणार नाही. डेस्कटॉपला डोंगल पुढच्या यूएसबीऐवजी मागच्या यूएसबीत लावून बघा, पुढच्या पोर्टला कधीकधी पुरेशी पॉवर मिळत नाही. आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा कडाडल्या की लाइनमधून झटका येऊन लॅन पोर्ट (तारेचं नेट जोडायची जागा) जळतात. राउटरची तार काढलेली नसेल तर धोका आणखी वाढतो. तार दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की पोर्टचा दिवा लागतो आणि या मशीनला लागत नाही, असं असेल तर मशीन घेऊन या. आभाळ भरून आलं की राउटरचा प्लग आणि लॅनची तार दोन्ही काढून ठेवायची सवय लावून घ्या.

बसवलं, पण चालेना

इथे कॉम्प्युटर काय म्हणतो ते वाचायचं असतं. एस-यू-डी-ओ, जागा, डी-एम-ई-एस-जी ही आज्ञा दिली की कर्नलची नोंद दिसते. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर त्याची अक्षरं उमटत नाहीत, तसाच टाइप करून एंटर दाबा.

'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असा संदेश आला तर मॉड्यूलमध्ये दोष नाही, सिक्युअर बूट आडवं आलंय. ही मशीनची सुरक्षेची सोय आहे, विश्वासू सही नसलेला मॉड्यूल ती कर्नलला जोडू देत नाही. बाहेरचा ड्रायव्हर बसवताना उबुंटू एक पासवर्ड दोनदा मागतं. तो कमीत कमी ८ अक्षरांचा लागतो, नुसते आकडे ठेवा आणि कागदावर लिहून ठेवा. मग मशीन पुन्हा सुरू केलं की निळ्या रंगाचा एक पडदा येतो, त्यावर 'परफॉर्म एमओके मॅनेजमेंट' लिहिलेलं असतं (एमओके म्हणजे सहीची किल्ली) आणि सेकंद उलटे मोजले जात असतात. ते १० सेकंद संपायच्या आत कुठलंही बटण दाबा. मग 'एनरोल एमओके', 'कंटिन्यू', 'यस', मघाचा पासवर्ड, आणि शेवटी 'रीबूट'.

हा पडदा बघून पुष्कळ जण घाबरतात, व्हायरस समजून मशीन बंद करतात किंवा तसंच जाऊ देतात. मग नेट येत नाही आणि ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसवला तरी येत नाही, कारण सहीची किल्ली नोंदलेलीच नसते. तो पडदा हुकला असेल तर किल्ली पुन्हा मागवायची आज्ञा आहे. ती लांब आहे, आमच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या, म्हणजे एखादं अक्षर चुकायचं नाही.

बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट बंद केलं तरी काम होतं. पण त्याच मशीनवर विंडोजही असेल आणि त्याला बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) लागलेलं असेल, तर पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती हाताशी नसेल तर तुमच्याच फाइली तुम्हाला उघडता येणार नाहीत. की आधी लिहून घेतल्याशिवाय सिक्युअर बूटला हात लावू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे.

'डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड' आणि शेवटी वजा २ असं दिसलं तर फर्मवेअरची फाइल सापडत नाही एवढाच त्याचा अर्थ. फोनचं नेट जोडून लिनक्स-फर्मवेअर नावाचं पॅकेज अपडेट करा आणि मशीन पुन्हा सुरू करा.

'इन्व्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' म्हणजे मॉड्यूल वेगळ्या कर्नलसाठी बनवलेला आहे. कुणीतरी पेनड्राइव्हवरून दिलेला तयार मॉड्यूल टाकला की हमखास हेच होतं. मॉड्यूल आपल्याच मशीनवर, आपल्याच कर्नलसाठी बनवावा लागतो.

अपडेटनंतर नेट गेलं

बाहेरून बसवलेल्या ड्रायव्हरचा हा नेहमीचा प्रकार. कर्नल नवं आलं, मॉड्यूल जुन्याच कर्नलचा राहिला. घाबरू नका, जुनं कर्नल मशीनमध्ये शिल्लक असतं. मशीन सुरू होताना शिफ्ट दाबून धरा, नव्या पद्धतीच्या बायोसवर एस्केप दाबा. यादी आली की 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जाऊन आधीच्या नंबरचं कर्नल निवडा. नेट परत येईल आणि मग शांतपणे दुरुस्ती करता येईल.

कायमचा उपाय म्हणजे डीकेएमएस. कर्नल बदललं की ही व्यवस्था मॉड्यूल आपोआप नव्याने बनवते. पण त्यासाठी कर्नलच्याच आवृत्तीचं हेडर्सचं, म्हणजे मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइलींचं, पॅकेज मशीनमध्ये हवं. ते नसेल तर डीकेएमएस मॉड्यूल बनवू शकत नाही आणि ही गोष्ट पुढच्या वेळी मशीन चालू केल्यावरच कळते. डी-के-एम-एस, जागा, एस-टी-ए-टी-यू-एस लिहिलं की कोणत्या कर्नलसाठी मॉड्यूल बनलाय ते दिसतं. यू-एन-ए-एम-ई, जागा, वजा आणि त्याला लागून आर लिहिलं की सध्या कोणतं कर्नल चालू आहे ते दिसतं. दोन्ही नंबर जुळले पाहिजेत.

जमेल तिथे बाहेरचा ड्रायव्हर टाळलेलाच बरा. रिअलटेकच्या ८८२१सीयू आणि ८८२२बीयू या यूएसबी चिपांचा मॉड्यूल कर्नल ६.२ पासून आतच आला आहे. उबुंटू २४.०४ सुरुवातीलाच ६.८ कर्नल घेऊन आलं. जुनं उबुंटू धरून दर अपडेटला झुंजण्यापेक्षा अशा डोंगलवाल्यांनी नवीन उबुंटूवर यावं. मात्र आत मॉड्यूल असताना बाहेरचाही ठेवला तर दोघं एकमेकांच्या वाटेत येतात, तेव्हा जुना काढून टाका.

लाइट गेली तर

अपडेट चालू असताना लाइट गेली की पॅकेजं अर्धवट राहतात, आणि पुढे कुठलाही ड्रायव्हर बसत नाही. 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' असा संदेश येतो. एस-यू-डी-ओ, जागा, डी-पी-के-जी, जागा, दोनदा वजा आणि त्याला लागून सी-ओ-एन-एफ-आय-जी-यू-आर-ई, जागा, वजा आणि त्याला लागून ए. एवढं दिलं की अर्धवट काम पुरं होतं. फॉरमॅटची गरज नाही. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर असतानाच अपडेट करा.

जुन्या मशीनमधला तारीख-वेळ जपणारा छोटा सेल संपला की लाइट जाऊन आली की तारीख मागे जाते. मग नेट चालू असूनही ड्रायव्हर उतरत नाही, 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' असं म्हणतं आणि ब्राउझरही सुरक्षित साइट उघडत नाही. आधी तारीख-वेळ बघा. सेल सीआर२०३२ नंबरचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

ड्रायव्हरचा दोष नसतो तेव्हा

लॅपटॉपच्या कडेचं वायफायचं बटण किंवा वरच्या ओळीतली कळ चुकून दाबली गेलेली असते. आर-एफ-के-आय-एल-एल दिल्यावर 'हार्ड' या रकान्यात 'ब्लॉक्ड' दिसलं तर हेच कारण. शेजाऱ्याचं वायफाय दिसतं पण आपलं दिसत नाही, असं असेल तर राउटर ५ गिगाहर्ट्‌झवर आहे आणि जुनं कार्ड फक्त २.४ ओळखतं, किंवा राउटर १३ व्या चॅनेलवर आहे. राउटरवर २.४ चालू करून चॅनेल १, ६ किंवा ११ ठेवा.

विंडोजवर राहिलेल्यांसाठी

बायोमेट्रिक मशीन, टॅली किंवा खास विंडोजचंच सॉफ्टवेअर ज्यांना लागतं, त्यांनी लिनक्सवर येण्याआधी आम्हाला विचारावं. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी तर पीकविम्याच्या गर्दीत मशीन बदलूच नये. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसलं की त्यावर दोनदा क्लिक करा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाही, कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण यंत्र सुरू होत नाही, कोड ५२ म्हणजे सहीची अडचण. 'डिटेल्स' मध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडलं की चिपचा नंबर मिळतो. ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच उतरवा. फुकट ड्रायव्हर पॅक देणाऱ्या साइटवरून नको, त्यांच्यासोबत नको त्या गोष्टी आत येतात.

आमच्याकडे येताना

फोन करण्याआधी चिपच्या नंबरची ओळ, चालू कर्नलचा नंबर आणि आलेला संदेश, या तिन्हींचे मोबाइलने फोटो काढून पाठवा. ओळ पूर्ण आली पाहिजे, कोपऱ्यातला आकडा कापला गेला तर उपयोग होत नाही. औसा, निलंगा, अहमदपूर, उदगीर इथून येणाऱ्यांचं काम फोटो पाहून पुष्कळदा फोनवरच होतं, एसटीचं भाडं आणि अर्धा दिवस वाचतो. मशीन आणावंच लागलं तर डोंगलही सोबत आणा, आणि ड्रायव्हर बसवताना ठेवलेला पासवर्ड लिहिलेला कागदही.